पहिलं विभाजनच खरं अवघड: युग्मक तयार होताना पेशीत काय घडतं

अर्धगुणसूत्री विभाजन (मायोसिस), म्हणजे युग्मकं अर्थात शुक्रपेशी आणि अंडपेशी तयार करणारं पेशीविभाजन, म्हटलं की ‘४६ चे २३ होतात’ हे वाक्य बहुतेकांना पाठ असतं. वाक्य खरं आहे, पण संख्या निम्मी करणं पेशीला फारसं जड जात नाही. जड जातं ते प्रत्येक गुणसूत्राला त्याचा जोडीदार शोधून देणं, दोघांना एकमेकांत अडकवून ठेवणं आणि ती अडकवणूक नेमक्या वेळी, नेमक्या जागीच सोडवणं. डाउन सिंड्रोम असो, पहिल्या तिमाहीतले बरेचसे गर्भपात असोत की खेचराचं वांझपण असो, कारण शोधत गेलं की आपण बहुधा या तीनपैकी एका कामाशी येऊन पोचतो. त्यामुळे इथे पहिल्या विभाजनाला जागा जास्त दिली आहे, दुसऱ्याला जेमतेम.

आधी मोजणी

या विषयातले निम्मे घोटाळे मोजणीत होतात. नियम एकच: जितके गुणसूत्रबिंदू (सेंट्रोमिअर, गुणसूत्रावरची आवळल्यासारखी जागा), तितकी गुणसूत्रं. गुणसूत्राला एक क्रोमॅटिड (डीएनएच्या एका रेणूचा धागा) असो की दोन, बिंदू एक असेल तर गुणसूत्र एकच धरायचं. माणसाची जननपेशी या विभाजनाच्या तयारीला लागते तेव्हा तिच्यात ४६ गुणसूत्रं आणि डीएनएचे ४६ रेणू असतात. डीएनएची नक्कल झाली की गुणसूत्रं ४६च राहतात, रेणू मात्र ९२ होतात. पहिल्या विभाजनानंतर प्रत्येक पेशीत २३ गुणसूत्रं आणि ४६ रेणू उरतात. दुसऱ्यानंतर २३ गुणसूत्रं, २३ रेणू. म्हणजे गुणसूत्रांची संख्या पहिल्याच फेरीत निम्मी होते आणि दुसऱ्या फेरीत फक्त क्रोमॅटिड वेगळे होतात. दोन फेऱ्यांच्या मधे डीएनएची नक्कल होत नाही. ती झाली असती तर हा सगळा खटाटोप फुकट गेला असता.

जोडीदार शोधणं आणि अडकवणं

पहिली पूर्वावस्था ही या सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत लांब पायरी. लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकिटीन, डिप्लोटीन, डायकायनेसिस अशी तिची पाच नावं परीक्षेसाठी घोकली जातात. नावांपेक्षा प्रत्येक टप्प्यात काम काय चाललंय ते धरलं तर क्रम आपोआप लक्षात राहतो.

लेप्टोटीनमध्ये गुणसूत्रं लांब, बारीक धाग्यांच्या रूपात दिसू लागतात आणि त्याच सुमारास पेशी एक धाडसी काम करते: स्वतःच्याच डीएनएचे दोन्ही पदर मुद्दाम तोडते. हे काम स्पो११ नावाचं प्रथिन करतं. उंदराच्या एका पेशीत असे दोनशेहून अधिक तुटके बिंदू तयार होतात. शरीरातल्या साध्या पेशीत एवढी तोडफोड झाली तर ती थेट मरणपंथालाच लागते. इथे मात्र ही तोडफोड म्हणजेच जोडीदार शोधायची पद्धत आहे. तुटलेलं टोक दुरुस्तीसाठी आपल्यासारखाच क्रम शोधू लागतं. एरवी पेशी हा क्रम शेजारच्याच क्रोमॅटिडकडून उचलते. जननपेशीत मात्र तिथे अडथळा घातलेला असतो, म्हणून टोकाला सजातीय गुणसूत्राकडे जावं लागतं. आईकडून आलेलं ७ क्रमांकाचं गुणसूत्र वडिलांकडून आलेल्या ७ क्रमांकालाच सापडतं ते यामुळे. गुणसूत्रांची टोकं केंद्रकाच्या आवरणाला चिकटलेली असतात आणि आवरणाबाहेरची यंत्रणा ती सतत हलवत राहते. या हालचालीमुळे योग्य गाठ पडायला मदत होते आणि चुकून झालेले गुंते सुटतात.

झायगोटीनमध्ये जुळलेल्या जोडीच्या मधोमध प्रथिनांची एक चौकट उभी राहते, तिला सिनॅप्टोनीमल कॉम्प्लेक्स म्हणतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती पहिल्यांदा १९५६ मध्ये दिसली. दोन्ही गुणसूत्रांना ती सुमारे १०० नॅनोमीटर अंतरावर समांतर धरून ठेवते. चौकट पूर्ण झाली की पॅकिटीन, आणि याच टप्प्यात जनुकीय विनिमय, म्हणजे सजातीय गुणसूत्रांमधली तुकड्यांची अदलाबदल, पुरा होतो.

इथे एक आकडा नीट पाहण्यासारखा आहे. उंदराच्या दोनशेहून अधिक तुटींपैकी प्रत्यक्ष अदलाबदलीत संपतात त्या जेमतेम दोन डझन. बाकीच्या अदलाबदल न होता दुरुस्त केल्या जातात. उंदरात गुणसूत्रांच्या जोड्या २०, म्हणजे जोडीमागे एखाद-दुसरीच अदलाबदल. माणसात एका पेशीतल्या एकूण अदलाबदली पुरुषात सुमारे ५० आणि स्त्रीत सुमारे ७०. एका ठिकाणी अदलाबदल ठरली की तिच्या आसपास दुसरी होण्याची शक्यता घटते, त्यामुळे त्या गुणसूत्रभर पांगलेल्या राहतात. एवढी काटकसर असूनही एक अट मात्र पेशी सहसा मोडत नाही: प्रत्येक जोडीत निदान एक अदलाबदल झालीच पाहिजे.

ही अट का, याचं उत्तर पाठ्यपुस्तकात बहुधा ‘विविधतेसाठी’ असं मिळतं. विविधता येते, यात वाद नाही. पण विनिमय अजिबात न होताही २३ जोड्यांच्या स्वतंत्र वाटपातून ८३ लाख ८८ हजार ६०८ प्रकारची युग्मकं निघू शकतात. विभाजन चालू असताना विनिमयाचं तातडीचं काम वेगळंच असतं: जोडी सुटू न देणं. डिप्लोटीनमध्ये ती चौकट विरघळते आणि सजातीय गुणसूत्रं एकमेकांपासून दूर सरू लागतात. तेव्हा ती जिथे अजून एकत्र दिसतात त्या जागा म्हणजे कायझ्मा, विनिमयाच्याच खुणा.

आता जरा जवळून पाहू, कारण बहुतेक आकृत्यांत हे चुकतं. कायझ्मा ही स्वतः गाठ नव्हे. नक्कल झाल्यापासून प्रत्येक गुणसूत्राचे दोन क्रोमॅटिड कोहेसिन नावाच्या कड्यासारख्या प्रथिनांनी लांबीभर एकत्र धरलेले असतात. विनिमय झाला की आईकडच्या क्रोमॅटिडचा शेंडा वडिलांकडच्या क्रोमॅटिडला जोडला जातो. पण त्या शेंड्याला त्याच्या मूळ सोबत्याशी बांधणारं कोहेसिन अजून जागेवरच असतं. म्हणजे कायझ्मापासून गुणसूत्राच्या टोकापर्यंतचं कोहेसिनच दोन सजातीय गुणसूत्रांना अप्रत्यक्षपणे एकत्र धरतं. यातून दोन गोष्टी सरळ निघतात. विनिमय अगदी टोकाशी झाला तर धरून ठेवायला कोहेसिन थोडंच उरतं आणि जोडी लवकर सुटते. आणि भुजांवरचं (गुणसूत्रबिंदूच्या दोन्ही बाजूंच्या भागांवरचं) कोहेसिन काढून टाकलं की कायझ्मा आपोआप सुटतो, वेगळं काही करावं लागत नाही.

विनिमयात गुणसूत्राचा तुकडा खरोखर हलतो, हे मक्यावर सिद्ध झालं. हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९३१ मध्ये मक्याचं ९ क्रमांकाचं असं गुणसूत्र वापरलं, ज्याच्या एका टोकाला गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्या गुणसूत्राचा तुकडा चिकटलेला होता. जनुकांची अदलाबदल झालेल्या झाडांत या खुणांचीही अदलाबदल झालेली सूक्ष्मदर्शकाखाली दिसली.

एक्स आणि वायची जोडी ही वेगळीच अडचण. दोघांत सारखेपणा फार थोडा. आखूड भुजांच्या टोकाला सुमारे २७ लाख बेस जोड्यांचा एक पट्टा दोघांत जुळतो, आणि पुरुषाच्या पेशीत बंधनकारक विनिमय तिथेच उरकावा लागतो. एवढ्याशा जागेत तो हुकला तर एक्स आणि वाय सुटे पडतात. निसर्गात अपवादही आहेत, आणि ते कुतूहलाचे आहेत: फळमाशीच्या नरात विनिमय होतच नाही, रेशीमकिड्याच्या मादीत होत नाही. तिथे जोड्या धरून ठेवायला दुसरी व्यवस्था असते. नियम सांगताना हे अपवाद लक्षात ठेवलेले बरे.

सोडवणं

मध्यावस्थेत जोड्या पेशीच्या मध्यावर येतात. साध्या सूत्री विभाजनात (शरीरातल्या इतर पेशींच्या नेहमीच्या विभाजनात) एकाच गुणसूत्राचे दोन क्रोमॅटिड विरुद्ध ध्रुवांकडच्या तंतूंना जोडले जातात. इथे तसं होता कामा नये. एका गुणसूत्राच्या दोन्ही क्रोमॅटिडनी एकाच ध्रुवाकडे तोंड करायचं आणि त्याच्या जोडीदाराने समोरच्या ध्रुवाकडे. जोडणी बरोबर झाली आहे हे पेशीला कळतं ते ताणावरून. रस्सीखेचीत दोन्ही बाजूंनी जोर लागला की दोर ताठ होतो, तसं कायझ्माने अडकलेली जोडी दोन्हीकडून ओढली गेली की ताण येतो आणि तंतूंची पकड पक्की होते. ताण आला नाही तर पकड सोडून पुन्हा प्रयत्न होतो. जोडीच नसेल तर ताण कशाचा येणार? म्हणून विनिमय न झालेलं गुणसूत्र कुठल्या ध्रुवाला जाईल ते नशिबावर ठरतं.

सगळ्या जोड्या ताणावर आल्या की सेपरेज नावाचं विकर कोहेसिन कापतं. पण ते सगळीकडे कापून चालणार नाही. भुजांवरचं कोहेसिन गेलं पाहिजे आणि गुणसूत्रबिंदूजवळचं टिकलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या विभाजनाला क्रोमॅटिड एकत्र उरणारच नाहीत. बिंदूजवळचं कोहेसिन शुगोशिन नावाचं प्रथिन राखतं. कोहेसिनचा आरईसी८ हा भाग सेपरेजला कापता येण्यासाठी त्यावर फॉस्फेट बसावा लागतो. शुगोशिन आपल्याबरोबर फॉस्फेट काढून टाकणारं विकर आणतं, त्यामुळे बिंदूपाशी सेपरेजची कात्री चालत नाही. दुसऱ्या विभाजनाच्या वेळी हे संरक्षण उठतं आणि उरलेलं कोहेसिन कापलं जातं.

दुसऱ्या विभाजनाबद्दल याहून फार सांगण्यासारखं नाही. यांत्रिकदृष्ट्या ते सूत्री विभाजनासारखंच आहे. फरक एवढाच की गुणसूत्रं निम्मी आहेत आणि विनिमयामुळे एकाच गुणसूत्राचे दोन क्रोमॅटिड आता अगदी एकसारखे राहिलेले नाहीत.

वृषणात आणि अंडाशयात

टप्पे तेच, पण वेळापत्रक इतकं वेगळं की दोन्ही एकाच आकृतीत दाखवणं मला पटत नाही.

वृषणात ही प्रक्रिया वयात आल्यावर सुरू होते आणि पुढे चालूच राहते. मूळ पेशीपासून शुक्रपेशी तयार व्हायला दोन महिन्यांहून थोडा जास्त काळ लागतो. त्यातले साधारण २४ दिवस अर्धगुणसूत्री विभाजनाचे, आणि त्यातलाही बहुतेक वेळ पहिल्या पूर्वावस्थेत जातो. दुसरं विभाजन इतक्या झटपट उरकतं की वृषणाच्या छेदात त्या टप्प्यावरच्या पेशी शोधाव्या लागतात. एका पेशीपासून सारख्या आकाराच्या चार पेशी होतात आणि चारही शुक्रपेशी बनतात.

अंडाशयात सुरुवात मुलगी आईच्या पोटात असतानाच होते. गर्भाच्या विसाव्या आठवड्याच्या सुमारास ६० ते ७० लाख जननपेशी असतात. जन्मापर्यंत १० ते २० लाख उरतात, वयात येताना ३ ते ४ लाख. आयुष्यभरात अंडोत्सर्ग होतो तो जेमतेम चार-पाचशे पेशींचा. या सगळ्या पेशी जन्माआधीच जोडीदार शोधून, विनिमय उरकून डिप्लोटीनपाशी थांबतात. थांबा कधी १२ वर्षांचा, कधी ४५ वर्षांचा. अंडपेशीच्या आतलं सायक्लिक एएमपी (पेशीतलं निरोप्या रसायन) जास्त राहतं तोवर विभाजन पुढे सरकत नाही, आणि ते जास्त ठेवायला भोवतालच्या पेशी मदत करतात. पाळीच्या मध्याला एलएच संप्रेरकाची लाट येते, हा अडसर निघतो आणि साधारण ३६ तासांत पहिलं विभाजन पूर्ण होऊन अंडोत्सर्ग होतो. पहिल्या विभाजनात बहुतेक सगळं पेशीद्रव्य एकाच पेशीकडे राहतं. दुसरी पेशी म्हणजे नावापुरता ध्रुवीय पिंड. मग दुसऱ्या मध्यावस्थेत पुन्हा थांबा. शुक्रपेशी आत शिरली तरच दुसरं विभाजन पुरं होतं. म्हणजे काटेकोर बोलायचं तर अंडोत्सर्गाच्या वेळी बाहेर पडणाऱ्या पेशीचं विभाजन अजून अपुरंच असतं.

कुठे बिनसतं

अंडपेशीतल्या कोहेसिनची कडी गर्भावस्थेत, डीएनएची नक्कल होताना बसवली जातात. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की नंतर त्यांची भर पडत नाही आणि वयाबरोबर ती कमी होत जातात. म्हणजे ४० व्या वर्षी जी जोडी तर्कूवर (गुणसूत्रं ओढणाऱ्या तंतूंच्या सांगाड्यावर) येते तिला धरून ठेवणारं प्रथिनही जवळपास तितकंच जुनं असू शकतं. ते झिजलं की कायझ्मा सरकतो किंवा सुटतो, बिंदूजवळचे क्रोमॅटिड वेळेआधीच अलग होतात. त्यात माणसाच्या अंडपेशीत तारककेंद्रं (तर्कूचे तंतू जिथून उभे राहतात त्या रचना) नसतात आणि तर्कू उभा राहायलाच सुमारे १६ तास लागतात. त्या वेळात चुकीच्या जोडण्याही भरपूर होतात, आणि अशा चुका पाहून विभाजन रोखून धरणारी तपासणी अंडपेशीत फार कडक नसते.

परिणाम आकड्यांत दिसतो. डाउन सिंड्रोम असलेलं बाळ जन्मण्याची शक्यता आई २५ वर्षांची असताना साधारण १२०० मध्ये एक, ३५ व्या वर्षी ३५० मध्ये एक, ४० व्या वर्षी १०० मध्ये एक. अशा सुमारे ९५ टक्के मुलांत २१ क्रमांकाचं पूर्ण जादा गुणसूत्र असतं. त्यात बहुतांश वेळा ते आईकडून आलेलं असतं, आणि चूक बहुधा पहिल्या विभाजनातली. २१ क्रमांकाचं गुणसूत्र छोटं, त्यावर बरेचदा एकच विनिमय होतो. तो झालाच नाही किंवा टोकाशी झाला, तर वर सांगितलेली सगळी अडचण उभी राहते. बाकीच्या गुणसूत्रांत अशा चुका होत नाहीत असं नाही. १६ क्रमांकाची त्रिसूत्रता (दोनऐवजी तीन प्रती असणं) गर्भपातांच्या तपासणीत सर्वांत जास्त सापडते, पण ती पूर्ण स्वरूपात असेल तर गर्भ टिकत नाही, म्हणून तिचं नाव कानावर पडत नाही.

चूक कोणत्या विभाजनात झाली ते मोजणीवरूनही ओळखता येतं. पहिल्या विभाजनात एक अख्खी जोडी एकाच ध्रुवाला गेली, तर चारही पेशी बिघडतात: दोघींत २४, दोघींत २२. दुसऱ्या विभाजनात चूक झाली तर दोन पेशी ठीक असतात, एकीत २४ आणि एकीत २२. एक्सवायवाय ही स्थिती यासाठी चांगलं उदाहरण आहे. दोन वाय एकाच शुक्रपेशीत यायचे, तर वायचे दोन क्रोमॅटिड दुसऱ्या विभाजनात अलग न होता राहिले पाहिजेत. पहिल्या विभाजनात चूक झाली असती तर एक्स आणि वाय एकत्र आले असते, आणि मूल एक्सएक्सवाय झालं असतं.

खेचराचा प्रश्न याहून आधीच्या पायरीवरचा. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराला ३२ आणि ३१ मिळून ६३ येतात. सूत्री विभाजनाला जोडीदार लागत नाही, त्यामुळे प्राणी धडधाकट वाढतो. जननपेशी मात्र जोड्या जुळवताना अडकतात आणि बहुतेक त्याच टप्प्यावर मरतात.

कांद्याच्या कळीत हे पाहायचं असेल तर

कांद्यात १६ गुणसूत्रं, म्हणजे ८ जोड्या. ती आकाराने मोठी, त्यामुळे साध्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकालाही दाद देतात. फुलोऱ्यातल्या कळ्या एकाच वेळी पिकत नाहीत, ही सोयच आहे. एका फुलोऱ्यात सगळे टप्पे सापडतात. कळ्या सकाळी खुडून लगेच तीन भाग निव्वळ अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल असेटिक आम्लाच्या ताज्या मिश्रणात टाकायच्या. मिश्रण आदल्या दिवशीचं नको, साठवलं की त्यात बदल होतो आणि पेशी नीट स्थिर होत नाहीत. २४ तासांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रिजमध्ये ठेवल्या की काही आठवडे तरी चालतात.

रंगासाठी ४५ टक्के असेटिक आम्लात एक टक्का कार्मिन मंद उकळून, गार करून गाळलेलं असेटोकार्मिन. रंग फिका येत असेल तर परागकोश (पुंकेसराची पिशवी, हे विभाजन तिच्यातच चालतं) लोखंडी सुईने फोडायचा. सुईतलं किंचित लोह गुणसूत्रांवरचा रंग गडद करतं. लोह जास्त झालं तर पेशीद्रव्यही काळवंडतं आणि काहीच उठून दिसत नाही.

कळीचं माप वाणानुसार बदलतं, म्हणून मिलिमीटर पाठ करून उपयोग नाही. कळ्या लहान ते मोठ्या अशा ओळीने मांडून मधून सुरुवात करायची. परागकोश पिवळा दिसला तर उशीर झाला, आत परागकण तयार आहेत. हवा तो फिकट, अर्धपारदर्शक. एका कळीतले सहाही परागकोश साधारण एकाच टप्प्यावर असतात. तेव्हा आधी एकच फोडून पाहायचा आणि टप्पा बरोबर निघाला तर उरलेले पाच चांगल्या स्लाइडसाठी वापरायचे. सगळे एकदम चिरडून टाकणं ही नेहमीची घाई.

परागकोश रंगाच्या थेंबात फोडला की भिंतीचे तुकडे चिमट्याने पूर्ण काढायचे. ते राहिले तर काच तिरपी बसते आणि पेशी सपाट होत नाहीत. काच ठेवून स्पिरिटच्या दिव्यावर क्षणभर गरम करायचं. तळहाताला सोसवेल इतकंच, उकळी फुटली तर बुडबुड्यांत स्लाइड जाते. मग टिपकागदात धरून अंगठ्याने सरळ दाबायचं. काच आडवी सरकली की पेशींच्या गुंडाळ्या होतात.

नवख्याची फसगत बहुधा परागकोशाच्या आतल्या अस्तराच्या पेशींनी होते. त्या मोठ्या असतात, कित्येकींत दोन केंद्रकं असतात आणि त्यांचं विभाजन साधं सूत्री असतं. जिथे १६ सुटी गुणसूत्रं दिसतात ती पेशी सोडून द्यायची, ८ जोड्या दिसतात तिथे थांबायचं. डायकायनेसिसला या जोड्या केंद्रकभर विखुरलेल्या असतात, मोजायला सर्वांत सोप्या. एकच कायझ्मा असेल तर तो कुठे आहे त्यावरून जोडीचा आकार ठरतो: मधे असला तर क्रूस, टोकाशी असला तर लांब दांडी. दोन असले तर कडं दिसतं. पाती कांद्याच्या जातीत, म्हणजे अॅलियम फिस्ट्युलोसममध्ये, कायझ्मा गुणसूत्रबिंदूच्या जवळ एकवटलेले असतात, त्यामुळे तिथे क्रूसासारखे आकार जास्त. दोन्ही जातींच्या स्लाइड शेजारी ठेवून पाहिल्या तर विनिमयाची जागा बदलली की जोडीचा आकार कसा बदलतो ते एका नजरेत कळतं.

पुढचे टप्पे शोधताना कांद्यात एक फायदा मिळतो. पहिल्या विभाजनानंतर लगेच मधे भिंत पडते, त्यामुळे दोन पेशींची जोडगोळी स्पष्ट दिसते आणि दुसरं विभाजन तिच्या आत चाललेलं ओळखता येतं. बऱ्याच द्विदल वनस्पतींत दोन्ही विभाजनं संपल्यावरच भिंती पडतात. तिथे दोन पेशींचा हा टप्पा शोधत बसलात तर मिळणार नाही, थेट चार पेशींचा गठ्ठा दिसेल.